वेशीच्या आतही सभा भरू द्या

सिन्नर नगरपरिषदेचे नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक आणि नगरसेविका यांस,


मी वावी वेशीजवळ लहानाची मोठी झाले. तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर एकतीस वर्षं शिकवलं. आता सरदवाडी रस्त्याच्या बाजूला एका गल्लीत राहते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत तुमच्यातल्या काहींना मी मत दिलं, काहींना दिलं नाही. ते तेव्हाचं. आता तुम्ही सगळेच आमचे आहात. राज्यातल्या इतर शहरांप्रमाणे सिन्नरलाही लोकांनी निवडलेल्या सभागृहाविना बराच काळ काढावा लागला, त्यामुळे तुम्ही निवडून आलात याचा मला मनापासून आनंद आहे.

मागणी एकच आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. प्रत्येक प्रभागात वर्षातून चार वेळा लोकांची उघडी सभा भरवा. गावात ग्रामसभा भरते तशी. मागच्या सभेत काय ठरलं ते वाचून दाखवा, त्याचं काय झालं ते सांगा, आणि पुढचं लोकांना विचारून ठरवा. ही मागणी मी का करते, ते आता सविस्तर लिहिते.

सुरुवात सरस्वती नदीपासून करावी लागेल. सप्टेंबर २०२२ चा तो पाऊस तुम्ही कुणीच विसरला नसाल. काही तासांत ढगफुटीसारखं पाणी आलं, सरस्वती शहरात शिरली, काठची घरं, दुकानं, टपऱ्या, उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. एरवी जिला आपण नाला म्हणून ओलांडून जातो, ती नदी आहे हे त्या रात्री सगळ्या शहराला कळलं. दुसऱ्या दिवशी मी पुलापर्यंत चालत गेले होते. पुलाच्या कठड्याला आणि काठच्या बाभळींना जे अडकलं होतं, त्यातली प्रत्येक वस्तू ओळखीची होती. दुधाच्या पिशव्या, लग्नातल्या थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याचे पाउच, किराण्याच्या पातळ पिशव्या. राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना मार्च २०१८ मध्ये निघाली, तिला तेव्हा साडेचार वर्षं होत आली होती. एवढा पाऊस थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. पण पात्र जिथं अरुंद झालेलं असतं आणि मोरी जिथं तुंबलेली असते तिथं पाणी आधी चढतं, हे समजायला इंजिनिअर लागत नाही. आणि मोरीत काय तुंबतं, हे त्या बाभळींनी दाखवलंच होतं.

त्या दिवसानंतर मी घरात कचरा वेगळा करायला लागले. ओला एका बादलीत, सुका गोणीत, आणि औषधांची पाकिटं, बल्ब, ब्लेड असलं धोक्याचं एका डब्यात. २०१६ च्या केंद्राच्या नियमांनी हे प्रत्येक घरावर बंधनकारक केलं, हे मला वर्गात मुलांना सांगता येत होतं. माझ्या स्वतःच्या घरात मात्र तोवर एकच बादली होती. हे कबूल केल्याशिवाय तुम्हाला काही सांगायचा अधिकार मला नाही.

कचरा निवडणं अवघड आहे, लोक करत नाहीत, असं म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण माझी आई. आई विड्या वळायची. या शहराने कितीतरी घरं त्या कामावर उभी केली. आजही जुन्या गल्ल्यांत मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. पानं रात्री भिजवायची, सकाळी पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायची, जून पान वेगळं, कोवळं वेगळं, किडकं वेगळं. विडी वळायला घेण्याआधी हाताने प्रत्येक पान पाहिलेलं असायचं, कारण कारखान्यात माल तपासताना खराब विड्या बाजूला निघाल्या की त्यांचे पैसे नाहीत. दिवसाला हजार विड्यांसाठी आई किती पानं निवडत असेल, याचा हिशेब मी लहानपणी कधी केला नाही. ज्या शहरातल्या बायकांची बोटं पिढ्यान्‌पिढ्या निवडण्यात तयार झाली, त्या शहराला केळीची साल आणि दुधाची पिशवी वेगळी ठेवता येणार नाही, हे मी कसं मान्य करू? आईच्या निवडण्याला मात्र एक अर्थ होता. संध्याकाळी कुणीतरी ते तपासणार होतं आणि त्याचा मोबदला हातात येणार होता. आपल्या घरातल्या बादलीला तसा अर्थ अजून आलेला नाही.

आमच्या गल्लीचा अनुभव सांगते. माझं पाहून शेजारच्या दोघीतिघींनी सुरू केलं, मग नऊ घरं झाली. ओल्या कचऱ्यासाठी एका रिकाम्या प्लॉटच्या कोपऱ्यात, मालकाला विचारून, विटांचा हौद बांधला. चार महिने छान चाललं. शेवग्याची दोन झाडं आणि एक कडीपत्ता त्या खतावर वाढला. मग पावसाळ्यात वास यायला लागला. हौदाला लागून ज्यांचं घर, त्यांना त्रास झाला. आमच्या गल्लीत मुसळगाव आणि माळेगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी बरीच भाडेकरू कुटुंबं आहेत. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे निघतो, घंटागाडी नंतर येते, रात्रपाळीचा त्या वेळी झोपलेला असतो. त्यांच्या पिशव्या हौदाशेजारी पडू लागल्या. कुणाच्या पिशव्या यावरून बोलणं झालं, बोलण्यावरून भांडण झालं, आणि दिवाळीच्या आधी हौद फोडून टाकला.

यात वाईट कुणीच नव्हतं. वासाची तक्रार खरी होती. पहाटे निघणाऱ्या माणसाची अडचणही खरी होती. हौदावर सुका पालापाचोळा टाकला असता तर वास थांबला असता, आणि समोरच्या आजींनी तीन घरांच्या बादल्या गाडीत रिकाम्या करून द्यायची तयारी नंतर स्वतःहून दाखवली होती. म्हणजे दोन्ही प्रश्नांना उत्तरं होती. ती उत्तरं ज्या ठिकाणी बसून निघाली असती, ते ठिकाण आमच्याकडे नव्हतं. रस्त्यावर उभं राहून भांडणच होतं, ठराव होत नाही.

गावात असं ठिकाण असतं. नोकरीत असताना मी कितीतरी ग्रामसभांना हजर राहिले, कारण शाळेचा विषय असला की शिक्षकाला जावं लागे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा गावात पोरासोरांनाही पाठ. झेंडा झाला की पारावर सतरंजी पडते. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, हा सगळा आरडाओरडा आहे. हळूहळू लक्षात आलं की त्या आरडाओरड्याच्या आत एक शिस्त आहे. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय नेहमी तोच असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ग्रामसेवक प्रोसिडिंग बुक उघडून वाचायला लागले की मागे बसलेला कुणीतरी हमखास म्हणतो, थांबा, त्या हातपंपाचं काय झालं?

एका दुष्काळी वर्षी अशाच सभेत एक बाई उभ्या राहिल्या. टँकर दुपारी येतो, तेव्हा आम्ही मजुरीला गेलेल्या असतो, मग विहिरीत ओतलेलं पाणी घरात बसलेल्यांनाच मिळतं, एवढंच त्या बोलल्या. अर्धा तास वाद झाला. टँकर सकाळी सातच्या आत यावा अशी मागणी ठरावात लिहिली गेली. पुढच्या सभेत ती वाचली गेली, आणि वाचली जाणार हे माहीत असल्यामुळे सरपंचांनी तोवर तालुक्याला दोन फेऱ्या मारल्या होत्या. टँकर सातला नाही, पण आठला यायला लागला. ही लहान गोष्ट आहे, मला ठाऊक आहे. पण त्या बाईंना आपण बोललो आणि काहीतरी हललं याचा जो अनुभव आला, तो मला सिन्नरसारख्या शहरात राहून, पगारदार असून, शिकलेली असून कधी घेता आलेला नाही. मी पाच वर्षांतून एकदा बटण दाबते. त्या वर्षातून चार वेळा उभ्या राहतात.

कायद्याने हे शहराला नाकारलेलं आहे का? तसंही नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांवरच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत आपण पासष्ट हजारांच्या आसपास होतो, म्हणजे त्यातून सुटलो. पण २००९ मध्ये राज्याने पालिकांच्या कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभा आणली. नगरसेवकाने मतदारांना एकत्र बोलवावं, कामांचा अग्रक्रम त्यांच्याकडून घ्यावा, ही तिच्यामागची कल्पना. राज्यात ती क्वचितच कुठे भरली असेल. सिन्नरने सुरुवात करायला काय हरकत आहे? तुमच्या पहिल्या वर्षातच करा. आणि कायद्यातल्या कलमाचा शोध घेत बसायचं नसेल तर साध्या मनाने लोकांना बोलवा. नगरसेवकाने आपल्या प्रभागातल्या माणसांना बोलवून हिशेब सांगायला कुठल्याच कायद्याची आडकाठी नाही.

उदाहरण हवं असेल तर ते वेशीबाहेरच आहे. देवनदीवर ब्रिटिश काळातले बंधारे आहेत, त्यांतून निघणारे पाट आहेत. मधल्या काळात ते बुजले, फुटले, विसरले गेले. लोणारवाडीच्या युवा मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ते पुन्हा वाहते केले, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. मला त्यात सिमेंटपेक्षा मोठं काम दिसतं ते माणसांचं. पाट वाहता ठेवायचा तर तो ज्याच्या बांधावरून जातो त्याला आणि ज्याच्या वावरात पाणी पोचतं त्याला एका ठिकाणी बसावंच लागतं. गाळ कुणी काढायचा, पाणी आधी कुणाला, चारी कुणी अडवली, हे उघड्यावर ठरतं. वरच्याने मुजोरी केली तर खालचा कोरडा राहतो, म्हणून वरच्याला खालच्याचं ऐकावं लागतं. शहरातली मोरीही वरून खालीच वाहते. वरच्या गल्लीने टाकलेलं प्लास्टिक खालच्या गल्लीच्या उंबऱ्याशी तुंबतं. देवनदीच्या काठचे शेतकरी एकत्र बसू शकतात, तर सरस्वतीच्या काठचे व्यापारी, भाडेकरू आणि घरमालक का बसू शकणार नाहीत?

कचऱ्याच्या बाबतीत वेंगुर्ल्याचंही नाव घ्यायला हवं. बारा-तेरा हजार वस्तीचं ते गाव. तिथे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घराघरांतून कचरा वेगळा होऊन येऊ लागला, पुढे वर्गीकरण सत्तावीस प्रकारांपर्यंत गेलं. प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यांत गेले, ओल्यापासून बायोगॅस झाला, आणि जिथे डेपो होता ती जागा लोक सहलीला येऊन पाहू लागले. आपण त्यांच्या पाचपट आहोत, शिवाय आपल्याकडे दोन औद्योगिक वसाहती आहेत, पुणे आणि शिर्डीचे रस्ते आहेत, घोटीकडून पायी शिर्डीला निघालेल्या पालख्या आहेत. त्यामुळे वेंगुर्ल्याची नक्कल इथे जशीच्या तशी चालणार नाही. पालख्यांचंच घ्या. वाटेवर पाणी, चहा, प्रसाद देणारी मंडळं किती श्रद्धेने उभी असतात. सेवा झाल्यावर रस्त्याच्या कडेला ग्लासांचा खच पडतो तो कुणालाच आवडत नाही. प्रत्येक प्रभागाने शे-दोनशे स्टीलचे पेले आणि ताटं एकत्र घेऊन ठेवली, लग्नाला, भंडाऱ्याला, दशक्रियेला तीच द्यायची ठरवली, तर हा प्रश्न बराच सुटेल. पण हे आदेशाने होणार नाही. पेले कुठे ठेवायचे, घासायचे कुणी, हरवला तर भरपाई कुणाची, हे त्या गल्लीनेच बसून ठरवावं लागेल. पुन्हा तीच सभा आली.

तारखाही ग्रामसभेच्याच घ्या. मी त्यावर बराच विचार केला आहे आणि त्या शहरालाही चपखल बसतात. २६ जानेवारीची सभा पालिकेच्या अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते. प्रभागाला पेव्हर ब्लॉक हवेत की गटारीवर जाळ्या, हे तेव्हा विचारलं तर त्याला अर्थ आहे, मार्चनंतर विचारून काय उपयोग? १ मेची सभा पावसाच्या आधीची. कुठली मोरी साफ झाली आणि कुठली राहिली, हे लोकांनी उभं राहून सांगायचे दिवस तेच. महिना हातात असतो. त्याच सभेत कडवा धरणाच्या पाण्याचाही विषय निघेल. इगतपुरी तालुक्यातल्या त्या धरणातून इतक्या लांब आणलेलं पाणी मे महिन्यात आपल्या अंगणात सडा घालण्यासाठी वाहतं, आणि पूर्वेकडच्या गावांत तेव्हा टँकरची वाट पाहत हंडे लागलेले असतात. मी त्या हंड्यांच्या रांगेशेजारच्या शाळेत शिकवलं आहे, म्हणून हे मला सहन होत नाही. १५ ऑगस्टची सभा गणपतीच्या आधीची, मूर्ती शाडूची की प्लास्टरची, विसर्जन नदीत की कुंडात, हे मंडळांशी बसून ठरवायची. २ ऑक्टोबरला पाऊस सरत आलेला असतो, पुढे दिवाळीची झाडलोट येते. वर्षभरात काय झालं आणि काय राहिलं, त्याचा हिशेब त्या दिवशी द्यावा.

तुमच्या मनात शंका येतील, त्या खऱ्या आहेत. सभेला कुणी येणार नाही, ही पहिली. गावातही गणसंख्या भरत नाही म्हणून सभा तहकूब होतात. मी वीस माणसांच्या ग्रामसभाही पाहिल्या आहेत. पण ज्या गावात मागच्या ठरावांचा जाब खरोखर दिला जातो तिथे पुढच्या वेळी विसाचे चाळीस होतात. दुसरी शंका, विरोधक गोंधळ घालतील. घालतील, पहिल्या दोन सभांत नक्की घालतील. तुमचं प्रोसिडिंग नीट लिहिलेलं असलं, पालिकेबाहेरच्या फलकावर आणि प्रभागातल्या किराणा दुकानाच्या भिंतीवर लावलेलं असलं, की तिसऱ्या सभेत लोकच गोंधळ घालणाऱ्याला खाली बसवतात. हेही मी पाहिलं आहे. तिसरी शंका जरा अवघड आहे. लोक आपल्या दारापुरतं बोलतील, नदीचं कुणी बोलणार नाही. खरं आहे. पण दारापासून सुरू झालेलं बोलणं मोरीपर्यंत जातं, आणि आपल्या शहरात मोरी नदीलाच मिळते.

नगरसेविकांना वेगळं सांगते. तुम्ही सभागृहात निम्म्या आहात, आणि या शहराचा कचरा, पाणी, स्वयंपाकघर बहुतेक बायकाच सांभाळतात. सभेची वेळ तुम्ही ठरवा. सकाळी झेंड्यानंतर लगेच ठेवली तर सुट्टीच्या दिवशी कारखान्यातली माणसं घरी असतात, आणि स्वयंपाक व्हायचा असतो म्हणून बायकांनाही जास्त वेळ बसवून ठेवता येणार नाही. दीड तास पुरेसा आहे. बायका आधी बोलतील एवढा एक नियम करा. आमच्या गल्लीत परप्रांतातून आलेल्या भाडेकरू बायका आहेत, त्यांना मतदार यादीत नाव नाही म्हणून मागे बसवू नका. त्यांच्या बादलीतला कचरा याच शहराचा आहे.

आपल्याकडे पाहुणे आले की आपण त्यांना गोंदेश्वर दाखवायला नेतो. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी यादवांच्या काळात काळ्या दगडात उभं केलेलं ते मंदिर पाहून माणूस गप्प होतो. मला मात्र गेली काही वर्षं तिथून परतताना वाटेतल्या पुलावर पाहुण्यांशी मुद्दाम काहीतरी बोलत राहावं लागतं, त्यांनी खाली पात्राकडे पाहू नये म्हणून. हे बोलणं थांबवायची माझी इच्छा आहे. माझ्या हयातीत थांबावं असंही वाटतं. मी चौसष्ट वर्षांची आहे.

माझ्याकडून काय देऊ शकते ते लिहिते. आमच्या प्रभागाच्या सभेचं इतिवृत्त मी लिहून देईन. अक्षर चांगलं आहे आणि ठरावाची भाषा ग्रामसभांत बसून अंगवळणी पडली आहे. शाळेतून निवृत्त झालेले आणखी शिक्षक शहरात पुष्कळ आहेत, इतर प्रभागांसाठी मी त्यांना जाऊन भेटेन. आमच्या गल्लीतला हौद आम्ही पुन्हा बांधणार आहोत, या वेळी पालापाचोळ्याची गोणी शेजारी ठेवून, आणि समोरच्या आजींनी तीन बादल्यांची जबाबदारी घेतली आहे.

तुम्ही फक्त पहिली तारीख जाहीर करा. जागा म्हणून मी सरस्वतीचा काठ सुचवते, पुलाजवळची मोकळी जागा. मांडव नको, माईक नको, हारतुरे नकोत. सतरंज्या आमच्या गल्लीतून येतील.

आपली,
वावी वेशीतली एक सिन्नरकर